अकरा महिन्यांचे संशोधन

विद्यापीठातली नोकरी म्हटले की आपल्याला प्राध्यापक आठवतो, नाहीतर खिडकीपलीकडचा लिपिक. या दोघांच्या मधे प्रकल्प सहायक, संशोधन सहयोगी, कंत्राटी समन्वयक असा मोठा वर्ग राबतो. त्यांच्या जागांची जाहिरात संकेतस्थळाच्या कोपऱ्यात पीडीएफ होऊन येते. ‘निव्वळ तात्पुरत्या स्वरूपात’ हे शब्द ठळक, मुदत जेमतेम आठ-दहा दिवस, आणि शेवटी तळटीप: प्रवासभत्ता मिळणार नाही. लातूरच्या मुलीने पुण्यात थेट मुलाखतीला यायचे ते पदरमोड करून.

कायम जागांचे दुखणे निराळे. पद मंजूर हवे, आरक्षणाची बिंदुनामावली तपासलेली हवी, भरतीला शासनाची मान्यता हवी. एवढे जमून आले तरी आचारसंहिता लागली किंवा कोर्टाची स्थगिती आली की मुसळ केरात. तोवर वर्ग तासिका तत्त्वावर आणि कार्यालये कंत्राटी माणसांवर चालतात. बाह्ययंत्रणेमार्फत नोकरभरतीचा शासन निर्णय सप्टेंबर २०२३मध्ये निघाला आणि विरोध होताच पुढच्या महिन्यात रद्द झाला. विद्यापीठांतले कंत्राट काही त्याबरोबर संपले नाही.

माझा आक्षेप मात्र दुसऱ्याच गोष्टीला आहे. संशोधन वरचे आणि प्रशासन खालचे, ही आपण पाडलेली वर्गवारीच खोटी आहे. दिल्लीहून प्रकल्प मंजूर झाला की पीएफएमएस या केंद्राच्या निधी-प्रणालीवर खात्याची नोंद करायची. साधी खरेदी करायची तरी आधी जेम हे सरकारी खरेदीचे पोर्टल धुंडाळायचे, तिथे नसेल तर तशी नोंद काढून निविदेकडे वळायचे. आर्थिक वर्ष संपले की केंद्राच्या वित्तीय नियमांतले, म्हणजे जीएफआर १२-अ नमुन्यातले उपयोगिता प्रमाणपत्र तयार करून वित्त विभागाची सही मिळवायची. ते अडले की पुढचा हप्ता अडतो. ज्युनिअर रिसर्च फेलोची रक्कम जानेवारी २०२३पासून महिना ३७,००० रुपये झाली खरी, पण प्रकल्पातल्या फेलोसाठी हप्ताच आला नाही तर तो आकडा कागदावरच राहतो.

ही कामे करतो कोण? बहुतेक वेळा तोच प्रकल्प सहायक, ज्याला मुलाखतीत फक्त प्रबंधाबद्दल विचारलेले असते. सहा महिन्यांत त्याचा हात बसतो, अकराव्या महिन्यात करार संपतो. नवा माणूस येऊन जेमचा पासवर्ड शोधण्यापासून सुरुवात करतो.

अनुदानच तीन वर्षांचे, मग पद कायम कसे ठेवायचे, असे कुलसचिव विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण पद एकेका प्रकल्पाचे असावे असे कुणी म्हटले? बऱ्याच प्रकल्पांत संस्थेसाठी ओव्हरहेडची रक्कम धरलेली असते. ती एकत्र करून हिशेब, खरेदी आणि प्रस्तावलेखन जाणणारी चार-पाच कायम माणसे विद्यापीठाने ठेवावीत. त्यांना बढतीची वाट असावी, आणि पीएचडी झालेला माणूस तिथे गेला तर त्याचे काहीतरी चुकले असे कुणी समजू नये.

ते होईतो अर्जदारांनी मुलाखतीत तोंड उघडावे. पगार कोणत्या योजनेतून होणार, यंदाचा हप्ता जमा झाला आहे का, हे विचारावे. आणि खरेदीचे व हिशेबाचे काम करावे लागणार असेल, तर अनुभव प्रमाणपत्रात त्याचा स्पष्ट उल्लेख मागून घ्यावा.