टिकाऊ साधन आणि टिकाऊ सवय

नोकरीनिमित्त इंग्लंडात राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांचे मध्यंतरी पत्र आले. वीस वर्षे सिगारेट ओढल्यानंतर ती सोडण्याचा त्यांचा निश्चय झाला असून, तिच्या जागी ते ई-सिगारेट, म्हणजे बोलण्यात ज्यास व्हेप म्हणतात ते यंत्र, घेणार होते. व्होल्टेज कमीजास्त करता येईल आणि पुष्कळ वर्षे टिकेल असे कोणते यंत्र घ्यावे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. यंत्रांची आम्हांस थोडी आवड आहे हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी तो आम्हांस विचारला, व हा प्रश्न दुकानदाराचा आहे असे समजून आम्हीही प्रथम तो हसण्यावारी नेला. परंतु उत्तर लिहावयास बसलो तेव्हा ‘पुष्कळ वर्षे टिकेल’ ह्या शब्दांपाशी लेखणी अडली. जी सवय सोडावयाची आहे तिचे साधन मनुष्याने टिकाऊ का मागावे? आणि सवय सोडावयाचीच नसेल, तर त्यास निश्चय तरी कसे म्हणावे?

आपल्या देशात ही निवड करण्याचा प्रसंगच येत नाही. १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघून व त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याचा कायदा होऊन ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठा व जाहिरात ही सर्व येथे निषिद्ध झाली आहेत. इंग्लंडात मात्र ती रीतसर विकली जाते. तेथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स ह्या वैद्यांच्या जुन्या संस्थेने २०१६ साली असे मत दिले की, दीर्घकालीन वापराने तिच्यापासून होणारा अपाय धूम्रपानाच्या अपायाच्या शेकडा ५ हून अधिक असण्याचा संभव नाही. कारण उघड आहे: तीत तंबाखू जळत नाही, म्हणून डांबर नाही व कार्बन मोनॉक्साइडही जवळजवळ नाही. निकोटिन मात्र आहे, आणि गुलाम करणारे द्रव्य तेच होय. सारांश, ज्याने कधी सिगारेट ओढली नाही त्यास ह्या यंत्राचे काही प्रयोजन नाही. आमचा विचार चालला आहे तो केवळ सुटू पाहणाऱ्याविषयी.

प्रथम यंत्र म्हणजे काय ते पाहू. प्रॉपिलिन ग्लायकॉल व ग्लिसरीन ह्यांच्या मिश्रणात निकोटिन घालून तो द्रव एका लहान टाकीत भरतात. टाकीत तारेचे एक वेटोळे, ज्यास कॉइल म्हणतात, असते व त्यास कापसाची वात लागलेली असते. बॅटरीतून वीज सोडली की तार तापते आणि वातीत भिनलेल्या द्रवाची वाफ होते. व्होल्टेज बदलण्याची कळ म्हणजे ही उष्णता बदलण्याची कळ. येथे एक लहानसे गणित ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तारेचा रोध २ ओहम धरला, तर ३.३ व्होल्टला सुमारे ५.४ वॅट शक्ती खर्च होते. ५ व्होल्टला ती १२.५ वॅट होते. म्हणजे व्होल्टेज दीडपट वाढविले असता उष्णता सव्वादोनपटीहून अधिक वाढते. बोटाने कळ थोडी सरकविली असे मनुष्यास वाटते. तारेस तसे वाटत नाही.

ह्याचा परिणाम २०१५ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आला. ३.३ व्होल्टवर वाफेत फॉर्माल्डिहाइड सोडणारी द्रव्ये आढळली नाहीत. ५ व्होल्टवर ती पुष्कळ आढळली. ह्यावर काही संशोधकांनी असा आक्षेप घेतला की, इतक्या उष्णतेस वात कोरडी पडते, आणि त्या करपलेल्या वाफेची चव इतकी असह्य असते की कोणीही जिवंत मनुष्य ती ओढणार नाही. ओढले ते प्रयोगशाळेतील पंपाने. आक्षेप वाजवी आहे. तथापि त्यातून निघणारा बोध उभयपक्षी एकच आहे: ज्या यंत्रास कळ आहे त्यास मर्यादाही आहे, आणि ती मर्यादा यंत्र सांभाळील ह्या भरवशावर राहू नये.

आता टिकाऊपणाकडे वळू. ह्या यंत्राचे भाग पाहिले तर मौज वाटते. कापसाची वात व तार काही दिवसांत किंवा आठवड्यांत निकामी होते. बॅटरी काहीशे वेळा भरली की तिचा जोम ओसरतो. द्रव तर रोज संपतो. टिकतो तो केवळ धातूचा सांगाडा व त्यातील विजेची मांडणी. म्हणून ज्याची बॅटरी निराळी काढता येते, ज्याची तार सहज विकत मिळते, ज्याचे आटे ठराविक मापाचे असून एका यंत्राची टाकी दुसऱ्यावर बसते, आणि फाजील तापल्यास जे आपोआप बंद पडते, तेच टिकाऊ म्हणावे. न मोडणारे ते टिकाऊ असे नव्हे. मोडल्यावर दुरुस्त करता येते ते टिकाऊ. घराविषयी व मैत्रीविषयीही हेच खरे आहे.

परंतु येथे मूळचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. आपल्या जुन्या घरांच्या माळ्यावर एखादे पितळी पानदान अथवा चांदीची तपकिरीची डबी कित्येकदा सापडते. तीवर सुंदर नक्षी असते, बिजागरी अद्याप सैल झालेली नसते. कारागिराने ती मन लावून घडविली, म्हणून ती टिकली. आणि ती टिकली म्हणून आजोबांची तपकीर बापाकडे आली, असे कोणी म्हटल्यास त्यास सर्वस्वी खोटे ठरविता येणार नाही. सुंदर व मजबूत साधन सवयीस प्रतिष्ठा देते. मातीची चिलीम फुटली म्हणजे निदान क्षणभर तरी मनात येते की आता नवी आणावी की पुरे करावे. चांदीची डबी तो क्षण कधीच येऊ देत नाही. ह्या न्यायाने पाहता, सोडावयाच्या सवयीचे साधन जितके तकलादू तितके बरे, असे म्हणावे लागेल.

हे म्हणणे दिसावयास सयुक्तिक आहे. पण अनुभव त्याच्या उलट साक्ष देतो. सर्वांत तकलादू व्हेप म्हणजे एकदा वापरून फेकून द्यावयाचा. २०२३ च्या सुमारास इंग्लंडासह सबंध ब्रिटनमध्ये असे जवळजवळ ५० लक्ष व्हेप दर आठवड्यास फेकले जात, आणि प्रत्येकाबरोबर एक लिथियमची बॅटरी जाई. ते वापरणाऱ्यांत मुलेही पुष्कळ होती. अखेर १ जून २०२५ पासून तेथे त्यांच्या विक्रीस बंदी झाली. ही वस्तू संपली म्हणजे मनुष्य विचार करीत असे काय? मुळीच नाही, तो दुसरी घेत असे. स्वस्त वस्तू संपण्यात विचाराचा क्षण उरत नाही, कारण ती संपणार हे अगोदरच ठरलेले असते. चिलीम फुटणे हा अपघात होता. हिचे संपणे हा व्यापार होता.

शिवाय सुटू पाहणाऱ्या मनुष्याची अवस्था ध्यानात घ्या. रात्री अकराची वेळ आहे, मन व्याकूळ झाले आहे, आणि हातातील यंत्र बंद पडले आहे. कोपऱ्यावरचे दुकान उघडे आहे, तेथे सिगारेट मिळते. वीस दिवसांची तपश्चर्या त्या एका तासात जाते. मज्झिमनिकायात भगवान बुद्धांचा एक प्रसिद्ध दृष्टान्त आहे. नदी उतरून गेल्यावर ज्याने तारले तो तराफा डोक्यावर घेऊन चालणारा मनुष्य शहाणा नव्हे, असे त्यात सांगितले आहे. पण तराफा फुटका असावा असे त्यात कोठेही सांगितलेले नाही! पैलतीर गाठेपर्यंत तो भक्कमच पाहिजे. अर्थात साधन किती टिकाऊ असावे ह्याचे माप नदीच्या रुंदीत आहे. मनुष्याच्या आयुष्यात नाही.

मात्र तराफा सोडणे सोपे नाही, आणि हे सांगितल्यावाचून हा लेख अप्रामाणिक होईल. इंग्लंडात ८८६ धूम्रपान्यांवर झालेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात पुन्हा भरता येणारी ई-सिगारेट घेतलेल्यांपैकी शेकडा १८ लोक वर्षाअखेर सिगारेटपासून मुक्त होते. निकोटिनच्या पट्ट्या, गोळ्या इत्यादि घेतलेल्यांपैकी शेकडा ९.९. हा विजय होय. परंतु जे मुक्त झाले त्यांतील व्हेपवाल्यांपैकी शेकडा ८० जण वर्षाअखेरही व्हेप ओढीतच होते. पट्ट्या-गोळ्यावाल्यांत तसे अवघे ९ निघाले. पैलतीर ज्यांनी गाठले त्यांतील बहुतेकांच्या डोक्यावर तराफा होताच. ह्यास कोणी अपयश म्हणेल. आम्ही म्हणणार नाही, कारण बुडण्यापेक्षा ओझे वाहणे केव्हाही बरे. पण त्यास मुक्ती म्हणावयासही आमची जीभ रेटत नाही.

कळ फिरवून हा प्रश्न सुटेल काय? ती खाली आणता येते हे खरे. द्रवातील निकोटिनही कमी करता येते. परंतु निकोटिन कमी केले की मनुष्य नकळत अधिक वेळा व अधिक लांब झुरके घेऊ लागतो, असे आढळले आहे. मात्रा यंत्राने घटविली. मनाने ती भरून काढली. ज्याने यंत्राच्या कळीस आपला संयम समजून तिच्यावर भार टाकला, त्याची अशीच फसगत व्हावयाची. कळीचा उपयोग इतकाच की, आपण काय करीत आहो हे ती आकड्यात दाखविते. ते पाहणारा जागा असेल तर आकडा उपयोगी. नसेल तर निरुपयोगी.

तेव्हा आम्ही स्नेह्यांस लिहिले ते असे: यंत्र टिकाऊ घ्या, दुरुस्त होणारे घ्या, व्होल्टेज कमीत कमी जेथे समाधान होईल तेथे ठेवा, आणि करपट चव आली की थांबा. सिगारेट आधी सुटू द्या. ह्यात घाई करू नका. पण यंत्र विकत घ्याल त्याच दिवशी, ते ज्या दिवशी ठेवून द्यावयाचे तो दिवस कागदावर लिहून घरच्यांच्या हाती द्या. दिवस चुकला तर नवा लिहा. परंतु कागद कोरा ठेवू नका. वस्तू टिकाऊ मागण्यात पाप नाही. तिच्याहून आपला निश्चय अल्पायुषी निघू नये, एवढेच पाहावयाचे असते.

पत्राचे उत्तर आले आहे. त्यात त्यांनी घेतलेल्या यंत्राचे वर्णन पान भर आहे. तारखेचा उल्लेख नाही. आम्ही पुन्हा विचारले आहे.