दुधीचे दान

गच्चीवरच्या पिंपात लावलेल्या दुधीला संध्याकाळी पांढरी फुले येतात. नुसत्या लांब देठावरचे ते नर. बुडाशी इवलासा दुधी असलेले ते मादी. दोघांची गाठ घालायची ती रात्रीच्या पतंगांनी. पण शहरात त्यांचा काय भरवसा? म्हणून तिन्हीसांजेला मी नरफूल खुडून मादीफुलावर अलगद टेकवतो. समोरच्या खिडकीतल्या वहिनी पदर तोंडाला लावतात. लावोत बापड्या!

खरा पेच पुढेच. पहिल्या दुधीचे शेजाऱ्यांनी तोंडभर कौतुक केले. पाचव्याच्या वेळी मला पाहताच दार हळूच लागले. परतफेडीची आशा न धरता, देश, काल, पात्र पाहून दिलेले दान सात्त्विक आणि फळावर नजर ठेवून दिलेले राजस, असे गीतेच्या सतराव्या अध्यायात आहे. इथे मी फळच देऊन टाकतो, पण "वा!" ऐकल्याशिवाय उंबरठ्यावरून पाय निघत नाही, त्याचे काय? बाजारातून आणलेला दुधी मी कधी कुणाला नेऊन दिला असता का? छे! बरे, न वाटावा तर वेलीवरच जून होतो.

आमची सौ. म्हणते, "हलवा करून देऊ या, आनंदाने घेतील."

घेतील हो. पण हलवा खाताना, दुधी कुणाच्या गच्चीवरचा, हे कोण विचारणार?