आतली साद आणि हातातला कागद



देव माणसाशी बोलतो का, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. मला तो प्रश्न अवघड वाटत नाही. नामदेवराय पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि कवित्वाची आज्ञा झाली, हे तुकोबांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. अवघड प्रश्न त्याच्या पुढचा. आत जो बोलतो तो देव, की आपलेच मन देवाचा आवाज काढते आहे? मन मोठे बहुरूपी. भावाचा बांध कोरणाराही म्हणतो, देवानेच बुद्धी दिली.

या प्रश्नाशी फार कसोशीने झुंजलेला एक लहानसा ख्रिस्ती पंथ आहे, क्वेकर. सतराव्या शतकात इंग्लंडात जॉर्ज फॉक्स यांच्यापासून तो निघाला. त्यांच्या जुन्या रीतीच्या उपासनेत पुरोहित नाही, गाणे नाही. सगळे गप्प बसतात. ज्याला आतून प्रेरणा होईल तो उठून चार शब्द बोलतो. टाळमृदंगात वाढलेल्या आपल्याला हे चमत्कारिक वाटेल. पण नवव्या अध्यायाच्या आरंभी माउली श्रोत्यांकडे मागतात काय? अवधानच ना! या मंडळींनी अवधानाचीच उपासना केली.

त्यांच्यात जॉन वुलमन (१७२०–१७७२) म्हणून एक शिंपीकाम करणारे सत्पुरुष होऊन गेले. त्यांची रोजनिशी इंग्रजीत आहे. आमच्या गावच्या मास्तरांनी ती मला मराठीत उलगडून सांगितली. अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतात, इंग्रजी अंमलात, ते तरुणपणी एका दुकानात कारकुनी करीत. एक दिवस मालकाने सांगितले, माझ्याकडची गुलाम बाई विकली आहे, विक्रीचा कागद लिहून दे. घेणारा तेथेच खोळंबलेला. वुलमनांच्या आत काहीतरी अडले. पण आपण वर्षाच्या बोलीने चाकरीला आहोत, सांगणारा मालक आहे, घेणारा आपल्याच पंथातला वयस्क गृहस्थ आहे, अशी कारणे मनाने भराभर पुढे केली. त्यांनी कागद लिहिला. मात्र जीव इतका कासावीस झाला की त्या दोघांसमोरच ते बोलून गेले, माणसांना गुलाम म्हणून बाळगणे ख्रिस्ती धर्माला धरून नाही.

माउलीहो, येथे जरा थांबावे. ती तिन्ही कारणे खरी होती, एकही बनावट नव्हते. खरी कारणे पुढे करूनच मन आतली साद दडपते, हे मला या सगळ्या कथेत फार मोलाचे वाटते.

पुढे दुसऱ्या एका तरुणाने तसाच कागद मागितला, तेव्हा वुलमनांनी नकार दिला. ज्या मृत्युपत्रात गुलाम वारसांना द्यायचे असत तेही ते लिहीनात. लिहिणावळ बुडाली, ओळखीची माणसे दुखावली. तुकोबांनी आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत सोडली, ती कथा येथे आठवल्याशिवाय राहत नाही. दुकान वाढू लागले, तसे चित्त त्यात गुंतते म्हणून त्यांनी तेही आवरते घेतले. गुलाम बाळगणाऱ्याच्या घरी उतरले, तर राबणाऱ्यांच्या हातावर पैसे ठेवीत.

या आचरणात मला एक कसोटी दिसते. आतला आवाज जे करायला सांगतो, त्याची किंमत कोण भरणार? देवाची आज्ञा म्हणून तलवार उपसणारे सर्व धर्मांत झाले. तेथे किंमत दुसऱ्याच्या मानेने भरली गेली. वुलमनांच्या आवाजाने दरवेळी वुलमनांच्याच पदराला हात घातला.

कसोटी पुरी नाही, हेही सांगितले पाहिजे. देह कष्टवण्यातही अहंकार लपतो. वुलमनांनी रंगवलेले कपडे सोडले, बिनरंगी टोपी घातली. नेमकी त्या सुमारास पांढऱ्या टोप्यांची टूम निघालेली! काहींना वाटले, हे गृहस्थ मुलखावेगळे दिसायला निघाले. आपल्याला हेच कोणी म्हटले असते तर टोपी केव्हाच खुंटीवर गेली असती, किंवा आपण भांडत सुटलो असतो. त्यांनी टोपीही सोडली नाही आणि भांडणही केले नाही. शिवाय आपली साद ते एकट्याने मिरवीत नसत, पंथाच्या सभेपुढे ठेवीत आणि वाट पाहत. आपल्याकडे संतसंगतीला एवढे महत्त्व का, ते अशा वेळी कळते. कागद लिहिल्यापासून पंधराएक वर्षे गेली, तेव्हा १७५८ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना पंथाच्या कारभारातून दूर ठेवण्याचे ठरवले, आणि गुलाम बाळगणाऱ्या सभासदांना घरोघरी जाऊन समजावण्याचे काम ज्यांच्यावर सोपवले त्यांत वुलमन होते.

१७७२ साली ते इंग्लंडात गेले. टपालगाड्यांच्या घोड्यांचे आणि पोऱ्यांचे हाल पाहून गाडीत बसेनात, पायी चालले. यॉर्क येथे देवी येऊन वारले. चार वर्षांनी, १७७६ साली, फिलाडेल्फियाच्या सभेने सभासदांना गुलाम बाळगण्यासच बंदी केली.

ज्या बाईच्या विक्रीच्या कागदापासून हे सुरू झाले, तिचे नाव वुलमनांनी रोजनिशीत लिहिलेले नाही. तिचे पुढे काय झाले तेही नाही.