फुकटच्या उन्हाचं ऋण

ऊन फुकट मिळतं, मग ते कितीही वापरायला हरकत काय? घनसावंगीत डाळ मिल चालवताना हा प्रश्न मला बिलापुरता राहिलेला नाही, तो धर्माचा झाला आहे.

आमचा धंदा पहिल्यापासून उन्हावरच चालतो. तुरीला रोलरवर ओरखडे पाडायचे, तेल चोळून ढीग झाकून ठेवायचा, मग खळ्यावर दोन-चार दिवस कडक ऊन द्यायचं; तेव्हा कुठे साल सुटते. आता पत्र्यावर सौर पॅनल आले, एवढंच नवं. हंगामात फोलपटाची धूळ त्यांच्यावर बसते आणि वीज घटते, म्हणून ऊन तापायच्या आत ते धुऊन घ्यावे लागतात. पण पॅनल घेण्याआधी मी मिलमधली नासाडी शोधली. सैल पट्टे आवळले, कितीदा तरी रिवाइंडिंग झालेली मोटर काढून कमी वीज खाणारी बसवली, माल नसताना मशीन रिकामं फिरू द्यायचं नाही अशी शिस्त लावली. गरजच घटली, तसे पॅनलही कमी लागले.

पण बिल उतरलं की हाव सुटते. विल्यम जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच हे ओळखलं होतं. वाफेची इंजिनं कमी कोळशात चालू लागली, तरी देशाचा कोळशाचा खप वाढतच गेला. काम स्वस्त झालं, म्हणून इंजिनंच वाढली. आमच्याकडे सौर पंपांनी शेतकऱ्याला दिवसा पाणी दिलं, रात्री-अपरात्री दारं धरायला जाणं टळलं. हे पुण्याचंच काम आहे. पण बिल नसलेला पंप बंद करायची आठवण कोणाला राहते? मराठवाड्याचा काळा पाषाण पाणी थोडंच धरतो, आणि जमिनीखालचं पाणी उन्हासारखं रोज उगवत नाही. साखर कारखाने उसाचा भुसा जाळून वीज करतात, तीही अक्षय म्हणायची. पण त्या भुशामागचा ऊस पाणी पिऊनच वाढलेला असतो.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात मिळालेलं परत न देता नुसतं भोगणाऱ्याला चोर ठरवलं आहे. सूर्याला आपण काय परत देणार? त्याला कशाचीच गरज नाही. म्हणून ते ऋण फेडायचं पाण्याचं, मातीचं आणि आपल्यामागून येणाऱ्या लेकरांचं. आमच्याच तालुक्यातल्या जांब गावी १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी संसारी माणसाला प्रयत्नाबरोबर विवेकही शिकवला. सौर ऊर्जेत आपला प्रयत्न दांडगा आहे, विवेक अजून मागे आहे.

वाचलेल्या पैशातून मी मिलच्या पत्र्याला पन्हाळी लावली आणि पावसाचं पाणी गाळून बोअरकडे वळवलं. आता वर पॅनल ऊन घेतात आणि पावसाळ्यात तोच पत्रा जमिनीला पाणी देतो.

धंदेवाल्या बंधू-भगिनींना माझी विनंती आहे. किती किलोवॅट बसवायचे ते नंतर ठरवा, आधी आपल्याला खरोखर किती लागतं ते मोजा. आणि वाचलेल्या बिलातला एक वाटा पाणी मुरवण्यासाठी दरवर्षी बाजूला काढा.