वीसपैकी अठरा

शाळेने दिलेले मार्क खरे की बोर्डाचे? या प्रश्नावर महाराष्ट्राने नकळत एक प्रयोगच करून ठेवलाय. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे अशा ठिकाणी आधी आकडे बघतो.

२०१८ला दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा आणि समाजशास्त्रातले शाळेच्या हातातले वीस मार्क काढून घेतले, निकाल ७७.१० वर आला. आमचा गोंदिया ज्यात येतो तो नागपूर विभाग राज्यात सगळ्यात खाली, ६७.२७. वीस मार्क परत आले आणि २०२०ला ९५.३०. (२०१९ला पुस्तकं नवी होती आणि २०२०ला कोरोनामुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही, म्हणून सगळं खापर या वीस मार्कांवर फोडू नका.)

गणित साधं आहे. पास व्हायला शंभरात ३५ लागतात. शाळेने वीसपैकी अठरा दिले की ऐंशीच्या लेखी पेपरात फक्त सतरा काढायचे उरतात. आणि अठरा तर जवळजवळ सगळ्यांनाच मिळतात. सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रत्येक ओळ 'ओके' म्हणत असेल तर मी तो लॉग उघडतच नाही. तसंच हे.

मग सर खोटं बोलतात का? इथे मी अडतो. कुडव्यातल्या वर्गात घरी पोवारी बोलणारी मुलगी असते. रोवणीच्या दिवसांत तिची हजेरी कमी. तिला धडा समजलाय हे सरांना दिसतं, तीन तासांच्या पेपराला दिसत नाही. तिचे अठरा मला खोटे वाटत नाहीत. पण जी नजर हे बघते, तीच नजर आडनावही बघू शकते, ट्यूशनला कोण येतं तेही. बोर्डाच्या पेपरावर फक्त बैठक क्रमांक असतो. तो आंधळेपणा निर्दय आहे, पण ज्याची शाळेत ओळख नाही त्याला तोच एक आधार. दोन्हीतलं एक निवडायला लावलं तर मी पेपर निवडेन, थोडं नाखुशीने.

२०२१ला निवडच उरली नाही. परीक्षा रद्द. नववीच्या निकालाचे ५०, दहावीच्या शाळेतल्या लेखी मूल्यमापनाचे ३०, तोंडी-गृहपाठाचे २०. निकाल ९९.९५ टक्के. अकरावीसाठी सीईटी ठरली होती, ती ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली.

माझी मामेबहीण त्याच बॅचची. लोक अजून तिला हसत 'कोरोना पास' म्हणतात. मागे तिने विचारलं, "दादा, मी पास झाले की मला पास केलं?"

ती नववीत रात्री जागून अभ्यास करायची, हे मी पाहिलंय. पण ९९.९५ मध्ये ती कुठे आहे, ते कोणत्याच आकड्यातून काढता येत नाही. मी म्हटलं, नववीच्या वह्या असतील तर काढ, बघू. म्हणाली, त्या कधीच रद्दीत गेल्या.