दोष कोणाच्या माथी?

ज्या वायूला आपण मोठ्या विश्वासाने 'प्राणवायू' म्हणतो, तोच ज्यांच्या प्राणावर उठतो असे जीव या पृथ्वीवर आहेत, आणि ते हवेतल्या प्राणवायूहूनही प्राचीन आहेत, हे प्रथम वाचले तेव्हा 'प्राण' या शब्दाचा मी आजवर बाळगलेला अर्थ डळमळीत झाला. १८६१ साली लुई पाश्चर सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब पाहत होता. थेंबाच्या कडेला, जेथे हवेचा स्पर्श होई, तेथले जंतू निश्चेष्ट पडत आणि मध्यभागी, हवेपासून दूर, त्यांचे बांधव सुखाने वळवळत. या अवायुजीवी जंतूंची असंख्य प्रजा आपल्या आतड्यात नांदते आणि बहुतांशी आपले हितच करते. परंतु आतड्याला छिद्र पडून तीच प्रजा उदरपोकळीत उतरली की तेथे पू धरतो. जंतू तोच, स्थान तेवढे बदलले. त्याला पापी कसे म्हणावे?

धनुर्वाताचा जंतू याच कुळातला. तो मातीत आणि गुराघोड्यांच्या शेणालिदीत असतो. बीजाणूच्या कवचात तो वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतो, आणि खोल, तोंड मिटलेल्या जखमेत हवा पोहोचेनाशी झाली म्हणजे जागा होतो. त्याचे विष मज्जारज्जूत जाऊन स्नायूंना आवर घालणारी यंत्रणा बंद पाडते. मग आवर सुटलेले शरीर धनुष्यासारखे ताणले जाते. सुश्रुतसंहितेतले 'धनुःस्तंभ' हे नाव किती यथार्थ आहे! आणि सर्वांत दारुण गोष्ट ही की, हे सारे होत असता रोग्याची शुद्ध बहुधा शाबूत असते.

आता त्या अर्भकाचा विचार करावा, ज्याची नाळ विळ्याने कापली आणि तीवर शेण अथवा राख लावली. पहिले दोन दिवस ते चांगले दूध ओढते; पुढे आठवडा पुरा होण्याच्या सुमारास त्याचा जबडा आवळतो. सटवाई बाळाच्या कपाळी ललाटलेख लिहून जाते ती पाचव्या-सहाव्या रात्री, आणि हा रोग येतो तोही त्याच सुमारास. तेव्हा दुःखाने खचलेल्या आईने तो त्या लेखाचा भाग मानला, तर तिला दोष देण्याचा अधिकार मला नाही. परंतु शास्त्री-पंडितांनी त्या सात दिवसांच्या जीवाच्या खाती पूर्वजन्मीचे पाप जमा धरावे, हे मला कधीच मान्य झाले नाही. कर्मसिद्धान्ताचा जो अर्थ विळ्याकडे पाहू देत नाही, तो धर्माचा अर्थ असूच शकत नाही.

दैवावर भार टाकण्याइतकेच एखाद्या माणसावर तो घाईने टाकणेही अन्यायाचे आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात प्लेगची लस टोचलेल्यांपैकी १९ जण पुढे धनुर्वाताने दगावले. लस मुंबईत, परळच्या प्रयोगशाळेत, वाल्डेमार हाफकिन यांच्या देखरेखीखाली तयार झालेली. हाच गृहस्थ १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेणारा. सरकारने चौकशी नेमली, ठपका त्यांच्यावर आला आणि त्यांना कामावरून दूर केले गेले. पुढे कागदपत्रांची छाननी झाली तेव्हा दिसले की, त्या गावी बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता. दोषमुक्ती मिळेपर्यंत १९०७ साल उजाडले. परळच्या त्या संस्थेला हाफकिन यांचे नाव १९२५ मध्ये दिले गेले.

जंतूला इच्छा नाही, अर्भकाला कर्म नाही. मग उरतो तो जाणणारा मनुष्य. चिमटा नीट निर्जंतुक केला पाहिजे, पाते स्वच्छ हवे, गर्भवतीला लस दिली पाहिजे, हे ज्याला कळले त्याच्यावर त्या क्षणापासून एक ऋण चढते, आणि माझ्या मते ते देवऋणाहून हलके नाही. हे ऋण पुष्कळांनी निमूटपणे फेडले, म्हणूनच २०१५ साली भारतातून माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचा दाखला मिळू शकला. अर्थात त्याचा अर्थ एवढाच की, प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे धनुर्वात झालेल्या नवजातांचे प्रमाण एकाहून कमी आले. माती तीच आहे आणि बीजाणूही तेथेच आहेत. वाचकहो, आपल्या घरी, शेजारी अथवा शेतावर कोणी गर्भार असेल, तर तिने धनुर्वाताची लस घेतली की नाही, एवढे आजच विचारा.