शिकलेले कुणाच्या नावावर?

माणूस एक शाळा सोडून दुसऱ्या शाळेत जातो तेव्हा त्याच्या डोक्यातले इल्म त्याच्यासोबत जाते. त्याला दाखला लागत नाही, व्हिसाही लागत नाही. त्या इल्मची नोंद मात्र मागे राहते. ती पुढे न्यायची तर दोन्हीकडच्या कचेऱ्यांची मर्जी लागते. मग आपण शिकलेले नेमके कुणाचे? आपले, की शिकवणाऱ्या संस्थेचे?

राजारामपुरीच्या गल्ल्यांतून क्लासच्या पाट्यांशेजारी परदेशी शिक्षणाच्या पाट्या दिसू लागल्या, तेव्हापासून हा प्रश्न आम्हा उर्दू माध्यमाच्या शिक्षकांपर्यंतही येऊ लागला आहे. घरात कुणी पदवीधर नसले की पालक मुलाच्या जुन्या शिक्षकालाच गाठतात. फी किती, कर्ज मिळेल का, जेवणाचे काय, हे सगळे विचारतात. दोन वर्षे तिकडे शिकून मुलगा मध्येच परतला तर ती दोन वर्षे इथे धरली जातील का, हे क्वचितच कुणी विचारते.

कोल्हापूरला हा विषय तसा जुनाच. आनंदीबाई जोशी १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या आणि कोल्हापूर संस्थानाने त्यांना अल्बर्ट एडवर्ड इस्पितळातल्या स्त्री विभागाचे प्रमुखपद देऊ केले. आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो तेच हे इस्पितळ. कामाला सुरुवात करण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, क्षयाने त्या गेल्या. पण परक्या मुलखातली पदवी दरबाराने आपली मानली होती, एवढे खरे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची वाट इतकी सरळ नव्हती. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१५ मध्ये एम.ए. झाले आणि १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ मध्ये अर्धे शिक्षण टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत लंडनने दिली होती. म्हणजे त्यांच्या नावावर काही शिल्लक राहिली होती. पण नुसत्या शिलकीने भागत नाही, बोटीचे भाडेही लागते. स्वतःची बचत, मित्राकडचे कर्ज आणि शाहू महाराजांची मदत यांच्या जोरावर ते १९२० साली पुन्हा गेले. अमेरिकेतून एम.ए. झालेल्या या विद्वानाने लंडनला पुन्हा एम.एस्सी. केली, १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. कोलंबियाची पीएच.डी. तर प्रबंध छापून सादर केल्यावर १९२७ साली हाती आली. एवढी चिकाटी बाबासाहेबांकडे होती. ती प्रत्येक मुलाकडे असेल असे धरून नियम करता येत नाहीत.

आज या शिलकीला क्रेडिट म्हणतात, सरकारी मराठीत श्रेयांक. वर्गातले साधारण पंधरा तास म्हणजे एक क्रेडिट. २०२१ पासून आपल्याकडे श्रेयांकांची बँकही आहे आणि तिथे जमा केलेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे टिकतात. २०२२ च्या नियमांनुसार, दोन विद्यापीठांचा तसा करार असेल तर पदवीचे ३० टक्क्यांपर्यंत श्रेयांक परदेशात मिळवता येतात. व्यवस्था चांगली आहे. पण ती करार असलेल्यांसाठी आहे. करार नसताना परतणाऱ्याचे काय होते, ते २०२२ मध्ये युक्रेनने दाखवले.

युद्ध पेटले आणि हजारो भारतीय वैद्यकीय विद्यार्थी जीव वाचवून परतले. त्यांत महाराष्ट्राची मुलेही होती. परदेशी महाविद्यालयातून इथल्या महाविद्यालयात बदली करण्याची तरतूद आपल्या नियमांत नाही. मुलांना तिसऱ्या देशात जाऊन शिक्षण पुरे करण्याची वाट दाखवली गेली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर शेवटच्या टप्प्यातल्या मुलांना इथल्या अंतिम परीक्षेची एकवेळची संधी मिळाली.

यात नियम करणाऱ्यांना सरसकट निष्ठुर म्हणणे आम्हाला पटत नाही. डॉक्टर रुग्णाच्या अंगाला हात लावतो. रुग्ण न तपासता, संगणकाच्या पडद्यावर शिकलेले वैद्यक तसेच्या तसे कसे मान्य करायचे? शंका रास्त आहे. पण शंका असेल तर परीक्षा घ्यावी. शिकलेलेच नाही असे समजणे वेगळे आणि दाखवून दे म्हणणे वेगळे.

आपल्या परंपरेत इमाम बुखारींची एक हकीकत सांगतात. बगदादच्या दहा आलिमांनी प्रत्येकी दहा हदीसींच्या सनदी मुद्दाम उलटसुलट करून त्यांच्यापुढे ठेवल्या. बुखारींनी शंभरही सनदी जिथल्या तिथे लावून दिल्या. तुम्ही कोणत्या मदरशात किती तास बसलात, असे त्यांना कुणी विचारले नाही. त्या काळी इजाजत उस्ताद देत असे आणि तिच्यावर उस्तादाचे नाव असे. उस्तादाची पारख चुकली तर त्याचीही अब्रू जाई. आजच्या शिक्क्यामागे असे कुणाचे नाव नसते.

आमच्या वर्गात याच्या उलट घडते. दहावीचे गुणपत्रक विनातक्रार पुढच्या महाविद्यालयात जाते, पण ‘झियाई तालीफ’ उत्तम समजलेली मुलगी तिथे ‘फोटोसिंथेसिस’ ऐकून गप्प बसते. कागद पोचला, इल्म दारात अडकले. ते आत घेण्याची जबाबदारी कुणाची, हे कोणत्याच नियमात लिहिलेले नाही. ती मुलगी स्वतःलाच ढ समजू लागते.

श्रीमंत घरात वाया गेलेले वर्ष पुन्हा विकत घेता येते. आमच्या मुलांचे वर्ष म्हणजे धाकट्या बहिणीची फी. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचे व्याज भरणारी ‘पढो परदेश’ योजना २०२२-२३ पासून बंद झाली, म्हणजे तेवढाही आधार उरला नाही. म्हणून कुणी विचारायला आले की आम्ही आधी फीचे बोलतच नाही. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम तासांसह, शिक्क्यानिशी मागून घ्या, दर सत्राचे गुणपत्रक त्याच वेळी घ्या आणि यातले काय धरणार ते इथल्या विद्यापीठाकडून निघण्याआधी लेखी मागा, असे सांगतो. तोंडी होकारावर विमानाचे तिकीट काढू नका, हेही सांगतो.